भीमाप्पांची भट्टी आणि अकरा मिनिटं

बावन्नाव्या वर्षी माणसानं काय शिकावं, याला काही धरबंध? त्या वयाची बेळगावातली माणसं सकाळी फिरून येतात, चहा पितात आणि गुडघ्यांबद्दल बोलत बसतात. आणि हा प्रेमानंद, इंजिनिअरिंग कॉलेजातला लॅब इन्स्ट्रक्टर, दर रविवारी पोटच्या पोरीसमोर वही उघडून बसायचा. पोरगी समता, एम.टेक.च्या शेवटच्या वर्षाला. प्रॅक्टिकलमध्ये नवा विषय आला होता, सिस्टीम आयडेंटिफिकेशन. जूनपासून तो विद्यार्थ्यांकडून करून घ्यायचा होता, आणि करून घेणाऱ्यालाच त्यातलं ओ की ठो येत नव्हतं.

नाव ऐकून घाम फुटावा, पण गोष्ट तशी सरळ आहे. एखादं यंत्र आतून कसं चालतं ते आपल्याला ठाऊक नसतं. आपण त्याला काय दिलं आणि त्यानं काय परत दिलं, एवढीच नोंद हाताशी असते. तेवढ्यावरून त्याचा स्वभाव गणितात मांडायचा. किती दिलं की किती तापतं, दिलेलं त्याला किती वेळानं कळतं, आणि कळल्यावर ते किती वेळात ठिकाणावर येतं. समता म्हणाली, "पुस्तकातला डेटा नको पप्पा. खऱ्या यंत्राचा आणा."

खऱ्या यंत्राचा डेटा प्रेमानंदच्या घरात माळ्यावर होता. पत्र्याच्या ट्रंकेत.

त्याचे वडील भीमाप्पा, घरातले आप्पा, उद्यमबागेतल्या एका कारखान्यात भट्टीवर होते. गिअरचा माल तापवून कडक करायची ती भट्टी तेलावर चालायची. तिच्या शेजारी भिंतीवर एक तबकडी, तिच्यात बशीएवढा गोल कागद फिरायचा, आणि त्यावर निळ्या शाईचं पेन भट्टीची उष्णता काढत जायचं. एका पाळीला एक कागद. भीमाप्पांची स्वतःची एक सवय होती. तेलाचा व्हॉल्व्ह हलवला की लगेच कागदाच्या कडेला पेन्सिलीनं खूण करायची, किती फेरे आणि कुठल्या बाजूला. कुणी सांगितलं नव्हतं. लिहायला-वाचायला जेमतेम येणारा माणूस, पण खुणा अशा नेटक्या की आजच्या पोरांनी बघाव्यात.

पाच वर्षं झाली की कारखाना ते कागद टाकून द्यायचा आणि भीमाप्पा ते घरी आणायचे. त्यांची मागची बाजू कोरी. प्रेमानंद आणि धाकटा बुद्धप्रिय यांचं सगळं गणित त्या गोल कागदांवर झालं. चौकोनी वहीत लिहिणाऱ्या पोरांचा त्यांना हेवा वाटायचा, आणि आता प्रेमानंदला त्या गोल कागदांची अशी काही आठवण यायची की सांगता सोय नाही. आई सोनुबाई भाकरी थापायची, आप्पा चुलीपुढं बसून जाळाचा रंग बघायचे आणि म्हणायचे, "आता टाक." भाकरी टम्म फुगायची. आई गालात हसायची. त्या घरात तेव्हा फार काही नव्हतं, पण ते दिवस सोन्यासारखे होते, हे प्रेमानंदला आता कळत होतं.

मग त्र्याण्णव साल आलं. एका पाळीत अख्खा माल जास्त तापून तडकला. ठपका भीमाप्पांवर आला. त्यांना भट्टीवरून काढून वाळू चाळायच्या कामावर टाकलं, आणि निवृत्तीपर्यंत ते वाळूच चाळत राहिले. प्रेमानंद तेव्हा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला. मीटर, गेज असली यंत्रं नुकती शिकलेला, त्यामुळे शिंगं फुटलेली. ठपक्याची बातमी त्या दिवशी आप्पांच्या आधीच घरी पोचली होती. आप्पा संध्याकाळी दारात आले आणि हा शहाणा म्हणाला, "मशीन चुकत न्हाय आप्पा. लक्ष नसंल तुमचं."

आप्पांनी पायताण काढलं, हातपाय धुतले आणि जेवायला बसले. पुढं बत्तीस वर्षांत त्या दिवसाचा विषय घरात निघाला नाही, पण ते वाक्य प्रेमानंदच्या मनातून हललं नाही. आपण बोललो ते खरं होतं की खोटं, एवढंच त्याला जाणून घ्यायचं होतं. विचारायची छाती मात्र झाली नाही.

तर ट्रंक खाली आली. बेचाळीस कागद निघाले. सगळ्यात शेवटचा त्याच दिवसाचा, त्यावर साहेबाची तांबडी रेघ. प्रेमानंदनं तो बाजूला ठेवला आणि बाकीचे मोजायला घेतले. पट्टी, कोनमापक, भिंग. आठ दिवस तो त्यातच बुडालेला होता. बायको करिष्मा म्हणाली, "जेवायचं तरी ध्यान ठेवा, का तेबी पोरीला इचारून?"

आकडे संगणकात गेले, मॉडेल बाहेर आलं. समतानं ते बघितलं आणि तिला हसू आवरेना. "पप्पा, तुमच्या मॉडेलप्रमाणे आज्जा तेल वाढवून भट्टी गार करत होते."

प्रेमानंदचा चेहरा पडला. आठ दिवसांची मेहनत पाण्यात. त्यानं आकडे पुन्हा तपासले. आकडे बरोबर होते.

"आकडे चुकले नाहीत," समता म्हणाली. "आज्जा फार चांगले होते, तिथं घोडं अडलंय. उष्णता जरा उतरायला लागली की ते लगेच तेल वाढवायचे. मग कागदावर काय दिसणार? तेल जास्त तिथं उष्णता कमी. संगणकाला वाटतं, तेलानंच भट्टी गार होते. पप्पा, हे भट्टीचं मॉडेल नाही. तुम्ही आज्जांच्या हाताचं मॉडेल काढलंय."

प्रेमानंद त्या पडद्याकडे बघतच राहिला. व्हॉल्व्हवर ठेवलेला तो काळा, भेगाळलेला हात, त्याचं गणित समोर होतं. त्याला एकदम भरून आलं. समतानं ते बघितलं, आणि ती चहा ठेवायला आत गेली.

भट्टी कळायची तर असा वेळ शोधायला हवा, जेव्हा हात भट्टीला सावरत नसतो. तो वेळ होता. सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी भट्टी गार असायची, आणि आप्पा तेल एकेक फेरा वाढवत तिला चढवायचे. फेरा द्यायचा, थांबायचं, पुन्हा फेरा. असे सुट्टीनंतरचे सहा कागद मिळाले. त्यांचं मॉडेल झकास आलं. तेल वाढवल्यापासून पेन हलेपर्यंत चार मिनिटं. सहाही कागदांवर चार, फार तर साडेचार.

सातवा कागद तांबड्या रेघेचा होता. तोही सुट्टीनंतरच्याच दिवसाचा.

प्रेमानंद त्याला हात लावेना. लावला आणि आप्पांचीच चूक निघाली तर? न कळलेलं बरं होतं, निदान शंकेचा फायदा तरी आप्पांना मिळत होता. दोन रविवार असेच गेले. तिसऱ्या रविवारी समता म्हणाली, "मी मोजू?" तो म्हणाला, "नको. माझं मी बघतो."

पाच फेऱ्यांच्या पाच खुणा होत्या, रोजच्यासारख्याच, रोजच्याच अंतरानं. हात तोच होता, त्यात तसूभर फरक नव्हता. पण पेन हलत होतं अकरा मिनिटांनी. पाचही वेळा अकरा. भट्टी तीच, माल तर जास्त तापलेला, तेव्हा उशीर पेनालाच होत होता. म्हणजे भट्टी आत तापून लाल झाली तरी पेन खालचीच उष्णता दाखवत होतं. त्या पेनावर जो कुणी विसंबला असता, त्याचा माल तडकलाच असता.

प्रेमानंदनं तो कागद पुठ्ठ्यात घातला आणि तसाच निपाणीची एस.टी. धरली. संकेश्वर कधी मागं गेलं ते त्याला कळलंही नाही.

आप्पा निपाणीत बुद्धप्रियच्या घरी राहायचे. सोनुबाई जाऊन सात वर्षं झालेली. ब्याऐंशी वर्षांचा म्हातारा दारातल्या बाकावर ऊन खात बसला होता. वखारीकडून तंबाखूचा उग्र वास येत होता. प्रेमानंद समोर उकिडवा बसला आणि कागद मांडीवर पसरून त्यानं सगळं सांगितलं. चार मिनिटं, अकरा मिनिटं, पेन, हात. "तुमची चूक न्हवती आप्पा. हे बघा, गणितात आलंय."

भीमाप्पांनी खुणांवरून बोट फिरवलं.

"मला ठावं हुतं," ते म्हणाले.

"कसं?"

"आदल्या दिशी सुट्टीत, भट्टीत खुपसलेली, पेनाला उष्णता कळवणारी नळी बदलली हुती. लई जाड बसवली, ती तापायलाच येळ लागायचा. भट्टीचा रंग बघिटला की कळतंय की रं. म्या सायबाला सांगिटलं, पेन मागं ऱ्हातंय. तर म्हणाला, तुझ्या डोळ्यावर माल जात न्हाय, चार्टावर जातोय. चार्ट बघून चालीव. चालिवली. पुढच्या आठवड्यात गुपचूप नळी काढली त्येनी."

"मग आप्पा, घरात तरी सांगायचं. एवढी वर्षं..."

भीमाप्पांनी कागद नीट दुमडून त्याच्या हातात दिला.

"सांगायलाच आलतो त्या दिशी. तुलाच सांगणार हुतो. तू शिकलाला, तुला कळंल म्हटलं. वाटंनं सगळं जुळवत आलतो, कसं सांगायचं ते. दारात आलो आन् तूच म्हणालास, लक्ष नसंल तुमचं. मग कुणाला सांगू?"

प्रेमानंदला मान वर करता येईना. तसाच तो म्हणाला, "आप्पा, चुकलं माझं."

"व्हय," भीमाप्पा म्हणाले. "चुकलंच हुतं." आणि जरा बाजूला सरकून त्यांनी लेकाला बाकावर जागा करून दिली.