फोटोतला पांढरा ठिपका

सानिका, अर्णव, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत की भिंतीवरच्या फोटोत आजोबांच्या खांद्यावर तो पांढरा ठिपका कसला. अर्णवचं मत पडलं की कावळ्याचं काम असणार. तुमचे बाबा म्हणाले की तुमच्या घरी लावायची प्रत काढताना ठिपका कॉम्प्युटरवर पुसून टाकतो. तो पुसू नये म्हणून हे लिहिते आहे. ठिपका वन्संचा आहे.

वन्सं म्हणजे आजोबांची थोरली बहीण, कुसुमआत्या. त्यांनी लग्न केलं नाही. जुन्या पनवेलात बाजाराच्या तोंडाशी त्यांचा फोटो स्टुडिओ होता. तो बंद झाला तेव्हा फोटो धुवायला त्यांनी आमची न्हाणी ताब्यात घेतली, खिडकीला काळा कागद चिकटवला आणि लाल दिवा लावला. मी या घरात सगळ्यांत जास्त ऐकलेलं वाक्य म्हणजे आतून येणारं "दार उघडू नका." तुमचे आजोबा खांद्यावर टॉवेल टाकून बाहेर उभे राहत. "अक्का, मला ऑफिस आहे." आतून उत्तर येई, "घाई फोटोत दिसते."

रसायनांना त्या औषध म्हणत. फिल्मवर चित्र उमटवणाऱ्या डेव्हलपरच्या बाटलीत वर जागा राहिली की तेवढ्या काचेच्या गोट्या टाकून औषध गळ्यापर्यंत आणत. "हवा लागली की धडधाकट माणूस बिघडतो, हे तर औषध आहे."

आमची इमारत पाडायची ठरली आणि नवीन पनवेलला जायचं झालं. शेवटच्या दिवशी वन्संनी जुन्या घरात एक रोल काढला, आणि तो तिथेच धुवायचा म्हणून उरलेली औषधाची शेवटची पूड कालवली. पूड कालवून झाली आणि बिल्डरच्या माणसांनी पाणी तोडलं. वन्संना पूड विकणारा औषधवाला केव्हाच दुकान मोडून बसला होता. वन्संच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. हा रोल गेला तर पुन्हा काढायला ते घर उरणार नव्हतं. मी म्हटलं, मुंबईत लॅबला देऊ. म्हणाल्या, "माझी माणसं परक्याच्या अंधारात कशाला?"

म्हणजे औषध नव्या घरी न्यायला हवं होतं. टेम्पोवाल्याने बाटल्या हुंगल्या आणि वन्संना विचारलं.

"आजी, ॲसिड हाय का?"

"नाही रे. पेटत नाही, फुटत नाही. कपड्यावर पडलं तर डाग पडतो, तेवढंच."

"मंग तर नायच. खाली गाद्या हायत."

शेवटी डेव्हलपर वन्संनी मांडीवर घेतला. रिक्षात प्रत्येक खड्ड्याला गोट्या वाजत. रिक्षावाल्याने मान वळवून विचारलं, "बाटलीत काय हाय?" "गोट्या." "या वयात?" "तू रस्त्याकडे बघ."

दुसरी बाटली फिक्सरची. फिक्सर नसेल तर धुतलेली फिल्म उजेडात काळी पडते. ती बाटली पाण्यासारखी नितळ दिसे, आणि ती वन्संनी कुणाला न विचारता देवांच्या टोपलीत ठेवली होती, बाळकृष्ण आणि अन्नपूर्णेच्या मध्ये. का, ते मागाहून कळलं. देवांची टोपली कुणी आडवी करत नाही, तिच्यावर गाठोडं ठेवत नाही, तिला पाय लावत नाही. त्यांच्या मते पनवेलात याहून सुरक्षित वाहन नव्हतं.

फक्त ती टोपली नव्या घरात सगळ्यांच्या आधी पोचते. मी आणि आजोबा ती घेऊन पुढे गेलो, वास्तुपूजेला आलेले गुरुजी वाट बघत होते. मी दुधाचं पातेलं शोधत होते तोवर त्यांनी पूजा मांडली. देवांच्या शेजारी बाटली दिसल्यावर दुसरं काय समजणार? "एवढं गंगाजल हल्ली कोण ठेवतो," असं कौतुकाने म्हणत त्यांनी तांब्याचा कलश काठोकाठ भरला. मग आंब्याच्या पानाने चारी कोपऱ्यांत शिंपडलं. घरात आंबूस वास पसरला. आजोबा म्हणाले, नव्या रंगाचा असेल.

गुरुजींनी तीर्थासाठी पळी उचलली आणि वन्सं दारात आल्या. चप्पलही काढली नाही. नाक वर करून म्हणाल्या, "माझा फिक्सर कुठे आहे?"

सगळे कलशाकडे बघू लागले.

"गुरुजी, पळी खाली ठेवा. तीर्थ दिलंत तर पंगत दवाखान्यात बसेल."

गुरुजींनी पळी ठेवली. "पण कलशाची स्थापना झालीय. उत्तरपूजेआधी हलवता येत नाही."

"मग करा उत्तरपूजा. तांब्यात ते खराब होतं."

"कुसुमताई, माझ्या मुंजीचा फोटो काढताना तुम्हीच म्हणाला होता, घाई फोटोत दिसते."

वन्संनी दाराबाहेर जाऊन चप्पल काढली. कलशासमोर मांडी घालून बसल्या. गुरुजी दमाने मंत्र म्हणत राहिले. मी इतक्या वर्षांत वन्संना देवापुढे बसलेलं पाहिलं नव्हतं, आणि त्या दिवशी त्यांच्याइतकं मन लावून कुणीच बसलं नव्हतं.

उत्तरपूजा झाली. माझ्या जुन्या मलमलच्या साडीतून कलश गाळला. सुपारी, फूल, हळदकुंकू, अक्षता मागे राहिल्या. वन्संनी रोलच्या बाहेर आलेल्या टोकाचा तुकडा कापून वाटीत टाकला. औषध चांगलं असेल तर दुधी तुकडा पारदर्शक होतो. आम्ही सगळे, गुरुजीसुद्धा, वाटीवर वाकलो. तुकडा तसाच पांढरा. मग कडेने हळूहळू काच व्हावी तसा झाला.

"चालतंय," वन्सं म्हणाल्या. लगेच नव्या न्हाणीत शिरल्या आणि मला म्हणाल्या, "सुधा, फटीला टॉवेल लाव. दार उघडू नका."

आजोबा सवयीने बाहेर उभे राहिले.

फिल्म उत्तम निघाली. जुन्या जिन्यावर बसून हसणारे तुमचे आजोबा त्याच रोलमधले. अक्षतेचा एक कण मात्र गाळणीतून निसटून नेमका त्या चौकटीला चिकटला. तिथे फिक्सर पोचला नाही, फिल्म काळी पडली, आणि निगेटिव्हवरचं काळं छापल्यावर पांढरं होतं म्हणून आजोबांच्या खांद्यावर तांदळाएवढा पांढरा ठिपका उमटला. मी हळहळले. वन्संनी भिंग लावून बघितलं. "राहू दे. लग्नात याच्या अंगावर मीच पहिली टाकली होती."

वर्षभरात आजोबा गेले, मागल्या हिवाळ्यात वन्सं. जुन्या घराच्या जागी आता उंच इमारत आहे. निगेटिव्ह माझ्या कपाटात आहे. गोट्यांची बाटली न्हाणीच्या फळीवर आहे. आणि ठिपका जिथे होता तिथेच आहे.