बांधावरची शाळा

माझ्या वडिलांनी मला दुसरीतून शाळेबाहेर काढलं ते एका साहेबावरच्या रागापायी. माझा त्यात काही संबंध नव्हता. अण्णा मेढ्याजवळच्या आमच्या गावातच मास्तर होते. एकदा तपासणीला साहेब आले आणि त्यांनी पोरांना एकही प्रश्न न विचारता नुसत्या वह्या मागितल्या. अण्णांच्या वर्गाच्या वह्या जवळजवळ कोऱ्या. अण्णा सगळं तोंडी शिकवायचे. साहेबांनी बाकीच्या मास्तरांदेखत त्यांना कामचुकार म्हटलं. अण्णांनी राजीनामा दिला, घरची शेती बघायला लागले, आणि माझी मुलं आता या शाळेत जाणार नाहीत असं जाहीर करून टाकलं. मुलं म्हणजे तेव्हा मीच होते. भाऊ अजून पाळण्यात होता.

साठ सालानंतरची ती वर्षं. कोयनेच्या धरणावर आमच्या भागातली माणसं कामाला जात होती आणि परत येऊन पोरांना शाळेत घाला म्हणून एकमेकांना सांगत होती. आमच्या घरात मात्र शाळा हा शब्द काढायची सोय नव्हती.

शिकवण्यात अण्णांचा हात कुणी धरला नसता, हे मी रागात असले तरी कबूल करते. भाताची लावणी चालली की ते डोक्यावर इरलं घेऊन बांधावर उभे राहायचे आणि आम्ही चिखलात वाकलेलो असताना प्रश्न टाकायचे. कृष्णेला कुठून कुठून पाणी मिळतं? पाऊणकीचा पाढा म्हण. अफजलखान कोणत्या वाटेनं आला? मी रोप खोचत खोचत उत्तर द्यायची. चुकलं तर रोपांची ती ओळ संपेपर्यंत तेच पुन्हा पुन्हा म्हणायची. नाचणीतलं तण भांगलताना कविता, गुरं वळताना भूमिती. त्रिकोण ते काठीनं मातीत काढायचे आणि लगेच पायानं पुसायचे, म्हणजे तो डोक्यात ठेवावा लागायचा. वाचायला मला भरपूर मिळालं. लिहायला काही नाही. अक्षरं गिरवून झाल्यावर माझी पाटी त्यांनी आईला दिली आणि आईनं ती पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून ठेवली.

"कागदावर लिहिलं की माणूस ते विसरायला मोकळा होतो," असं ते म्हणायचे. मला ते वाक्य तेव्हा फार थोर वाटायचं.

बाजाराच्या दिवशी ते मला बरोबर न्यायचे. ओळखीचं कुणी भेटलं की, "विचारा हिला काहीही." लोक विचारायचे, मी धडाधड सांगायची. "मास्तरची पोरगी लय हुशार हाय," म्हणायचे आणि हातावर शेंगदाणे ठेवायचे. शाळेत जाणाऱ्या पोरी तिथूनच घोळक्यानं जायच्या. त्यांच्या बोटांना शाई असायची. मला त्यांची कीव करायला शिकवलं होतं आणि मी ती करायचीही, पण मान वळवून बघायची.

मी तेरा वर्षांची झाले तेव्हा आईनं विषय काढला. माझी मावशी सांगलीला असायची, तिचे यजमान हळदीच्या पेढीवर कामाला होते. तिथल्या मुलींच्या शाळेत दाखला नसलेल्या मुलीची शाळाच परीक्षा घ्यायची आणि पास झाली तर आठवीत बसवायची. मावशी मला ठेवून घ्यायला तयार होती.

"आवं, पोरगीचं मॅट्रिक हुईल. न्हाईतर पुढल्या साली तुमचंच भाऊबंद सोयरीक घिऊन येतील," आई म्हणाली.

मला वाटलं होतं अण्णा भडकतील. पण ते खूश झाले. आपली विद्या सांगलीकरांना दाखवायची संधी त्यांना दिसली. मला दिसत होतं ते मॅट्रिक. नाहीतर पुढल्या साली सोयरीक, हेही मला पक्कं माहीत होतं.

एसटीनं सातारा, तिथून सांगली. अण्णांनी लग्नातला कोट घातला होता. वाटेत पूल लागला की नदी विचारत होते, मी सांगत होते.

परीक्षेच्या खोलीत बाईंनी प्रश्नपत्रिका दिली. मी ती वाचली आणि मला हसू आलं, इतकं सगळं येत होतं. मग टाक दौतीत बुडवला. पहिल्याच शब्दावर शाई सांडली. दुसरी ओळ वर चढली, तिसरी तिच्यावर जाऊन आदळली. मनात उत्तर पूर्ण होऊन जायचं आणि हात अजून पहिल्या काना-मात्रेशी झगडत असायचा. शेजारच्या मुली पुरवणी मागत होत्या. मी बाईंना हळूच विचारलं, "बाई, तोंडी सांगू का?"

"इथं तोंडी नसतं गं," बाई म्हणाल्या. त्या प्रेमानं बोलल्या, म्हणून जास्तच रडू आलं.

संध्याकाळी मुख्याध्यापिकांनी अण्णांना बोलावलं आणि माझा कागद पुढे ठेवला. अण्णांनी त्याकडे बघितलंही नाही. म्हणाले, "विचारा तिला काहीही." त्यांनी विचारलं. एक प्रश्न, मग दुसरा, मग त्यांनाच उत्सुकता वाटून बराच वेळ. मी सगळी उत्तरं दिली. त्यांनी माझा कागद पुन्हा हातात घेतला. मग म्हणाल्या, "मुलगी विलक्षण आहे. पण हात पहिलीतल्या मुलाचा आहे. एक वर्ष पाचवीत बसू द्या. हात वळला की मी स्वतः तिला वर चढवीन."

मला वाटलं, झालं आपलं काम. पाचवीच काय, त्यांनी बालवर्गात बसवलं असतं तरी मी बसले असते.

"आठवीच्या पुढचं येणारी माझी मुलगी पाचवीत बसणार नाही," अण्णा म्हणाले.

"अण्णा, मी बसते पाचवीत," मी म्हणाले. मोठ्यांच्या मध्ये मी आयुष्यात पहिल्यांदा बोलले होते. मुख्याध्यापिकांनी ऐकलं, दाराशी उभ्या मावशीनं ऐकलं. अण्णांनीही ऐकलं. ते उठले, त्यांनी नमस्कार केला आणि मला घेऊन बाहेर पडले. अपमान त्यांचा झाला होता ना.

त्या जूनमध्ये भाऊ सहा वर्षांचा झाला आणि अण्णांनी त्याला गावातल्या शाळेत घातलं. त्याच शाळेत, स्वतः बोट धरून नेऊन.

आई पहिल्यांदा त्यांच्यावर चिडलेली मी बघितली. "पोराला घातलं, मग पोरीनं काय पाप केलंतं?"

"त्याला पुढे नोकरी करायची आहे," अण्णा म्हणाले. आई भाकरी थापत राहिली. सांगलीचं नाव घरात पुन्हा निघालं नाही. दिवाळीनंतर भाऊबंद सोयरीक घेऊन आले, तेव्हा अण्णांनी त्यांनाही सांगितलं, विचारा हिला काहीही. त्यांनी भात शिजवता येतो का, एवढं विचारलं.

लग्न ठरल्यावरची एक संध्याकाळ. अण्णा भावाला शुद्धलेखन घालत होते. त्याच्या वहीवर त्यांनी स्वतः रेघा आखून दिल्या होत्या आणि त्याचा हात हातात धरून ते अक्षर वळवत होते. मी जवळ जाऊन बसले आणि म्हणाले, "मला पण एक पान द्या ना."

"तुला कशाला?" अण्णा वर न बघता म्हणाले. "तुझं तर सगळं पाठ आहे."

ते हे कौतुकानं म्हणाले. त्या कौतुकाचा मला आजही राग येतो.