ड्रिपआधीचं रक्त

माझी आत्या एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात एकोणीस वर्षं मुख्य स्वयंपाकी आहे. तिथे तिला फौजदारीण म्हणतात आणि तिला ते मनापासून आवडतं. नाकावर माशी बसू देत नाही बाई.

गेल्या वर्षी तिचे हातपाय बधिर व्हायला लागले, डाव हातातून निसटायला लागला. नसांचा आजार निघाला. शरीराची राखण करणारी यंत्रणाच नसांच्या मागे लागलेली. उपाय म्हणून दर महिन्याला इम्युनोग्लोबुलिनची ड्रिप सुरू झाली, म्हणजे हजारो लोकांनी दिलेल्या रक्तातल्या, रोगाशी लढणाऱ्या अँटीबॉडी. चार ड्रिप झाल्या आणि आत्या पुन्हा पातेली उचलायला लागली.

तेवढ्यात वसतिगृहाच्या वार्षिक तपासणीचा रिपोर्ट आला. हिपॅटायटिस बीची अँटीबॉडी पॉझिटिव्ह! व्यवस्थापकाने तिला दारातच अडवलं. "बाई, ही कावीळ आहे. घरी बसा. मुलांच्या जिवाशी खेळ नको."

घरी येते तर तिच्या भावजयीने तिचा कप वेगळा काढलेला. भावजय म्हणजे माझी आई, काय सांगू! आत्याने तो कप उचलून सगळ्यांच्या कपांत दणकन ठेवला. "आजारी आहे मी वहिनी, वाळीत टाकलेली नाही."

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर नसांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "रक्त कधी घेतलं होतं?"

"ड्रिपनंतर पाचव्या दिवशी."

"अहो, मग ही अँटीबॉडी बाटलीतून आलेली असणार! लस घेतलेल्या किंवा कावीळ होऊन बऱ्या झालेल्या कुणा रक्तदात्याची."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इतकी साधी गोष्ट तपासणाऱ्यांपैकी एकानेही विचारू नये?

आत्या म्हणाली, "असणार नको. पुरावा द्या."

पहिल्या ड्रिपआधी घेतलेलं तिचं रक्त प्रयोगशाळेच्या फ्रीझरमध्ये जपून ठेवलेलं होतं. ते तपासलं. निगेटिव्ह. ताज्या रक्तात विषाणू आहे का तेही पाहिलं. नाही.

व्यवस्थापकाने दोन्ही रिपोर्ट वाचले आणि घसा खाकरला. "बरोबर आहे बाई, पण लोक बोलतात. सध्या भाज्या निवडा. पुढच्या वर्षी रिपोर्ट स्वच्छ आला की शेगडीवर या."

"पुढच्या वर्षीही पॉझिटिव्हच येणार," आत्या कडाडली. "ड्रिप चालू आहे तोवर येतच राहणार. ड्रिप सोडू? मग हात जातील माझे, आणि तुमच्या कागदावर मी ठणठणीत! चालेल?"

आत्याने त्याच्या टेबलावरचं पेन उचललं, स्वतःच्या फाइलवर वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं, 'हे रक्त ड्रिपनंतरचं आहे. बाईंना कावीळ नाही. शेगडीवर हजर', आणि फाइल त्याच्यापुढे सरकवली. "करा सही."

त्याने सही केली. आत्या तोवर आत पोचलीही होती, आणि कांदा कोणी करपवला म्हणून सगळ्यांना झाडत होती.