सायंकाळी ठीक पाच वाजता

माझं माहेर मिरजेचं आणि सासर रहिमतपूरचं. दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या वर्षी माझं लग्न झालं. हे तेव्हा जहाजावर नोकरीला होते. मालाचं जहाज नव्हे; परदेशातल्या हौशी, बहुतेक म्हाताऱ्या जोडप्यांना आज या बंदराला, उद्या त्या बंदराला हिंडवून आणणारं. त्या जहाजाच्या अगदी तळाशी लाँड्री होती, आणि तिथं हे त्या लोकांच्या कपड्यांना इस्त्री करायचे. कधी वर्ष, कधी दीड वर्ष जहाजावर, मग दोन महिने घरी.

घरात मी आणि मामंजी, एवढेच. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. एकुलती एक नणंद वाईला दिलेली. मामंजी पलटणीतून सुभेदार होऊन आलेले. ऊस बघायला जायचं ते सहाला, चहा सातला, जेवण बाराला. एकदा माझ्याकडून भाकरीला उशीर झाला, तर ते बाराला पानावर येऊन बसले आणि भाकरी होईपर्यंत तसेच बसून राहिले. त्यानंतर मला कधी उशीर झाला नाही.

पहिल्या रजेवर आल्यावर यांनी जहाजावरच्या घड्याळाची गोष्ट सांगितली, तेव्हा मामंजींनी ती दोनदा सांगायला लावली. जहाजावर वेळ ठरवायची ती कप्तानानं. जहाज पश्चिमेला निघालं की जेवणघरात फळ्यावर चिठ्ठी लागायची, उद्यापासून घड्याळं एक तास मागं. पूर्वेला निघालं की एक तास पुढं. पण प्रत्येक बंदराला असं व्हायचं नाही. एका दिवसापुरतंच थांबायचं असेल तर कप्तान घड्याळाला हात लावायचा नाही. मग खाली उतरावं तर गावातल्या मनोऱ्यावर तीन वाजलेले आणि जहाजावर चार.

"मग तुझ्या मनगटावर कुठली येळ?" मामंजींनी विचारलं.

"जहाजाची. जहाज कुणासाठी थांबत नाही, आबा."

मामंजींना हे फार पटलं. त्या रजेत यांनी आणलेलं गजराचं घड्याळ त्यांनी कोनाड्यात आमच्या घड्याळाशेजारी ठेवलं आणि ते जहाजाच्या वेळेवर लावलं. पुढं प्रत्येक पत्राच्या शेवटी त्यांच्यासाठी एक ओळ असायची, की अमुक तारखेपासून घड्याळ एक तास मागं किंवा पुढं. पत्र मी वाचायची. ती ओळ आली की ते उठायचे, धोतराला हात पुसायचे आणि काटा फिरवायचे. पत्राला यायला अडीच-तीन आठवडे लागत. तोवर जहाज आणखी कुठं गेलेलं असणार. एकदा मी हे भीत भीत बोलून दाखवलं.

"मला ठावं हाय पोरी," ते म्हणाले. "पन काटा हालवला की जरा बरं वाटतं."

लग्नानंतर दोन वर्षांनी मला मुलगी झाली, मिरजेला, माहेरी. रीतीप्रमाणं बारसं तिथंच व्हायचं. पण आमच्या घरात फार वर्षांनी पाळणा बांधला जाणार होता. मामंजी स्वतः मिरजेला येऊन माझ्या वडिलांशी बोलले. दोन महिन्यांनी बाळंतिणीला घरी न्यायचं आणि बारसं रहिमतपूरला करायचं असं ठरलं. यांना पत्र त्यांनी आपल्या हातानं लिहिलं, एक महिना आधी. मी ते पाकीट बंद करायच्या आधी वाचलं होतं. त्यात तारीख होती, वार होता, आणि पुढं, 'आपल्याकडील वेळेनुसार सायंकाळी ठीक पाच वाजता पाळण्यात घालणेचे योजिले आहे.'

बारशाच्या दिवशी पाच वाजले तेव्हा पाळणा फुलांनी सजला होता, गल्लीतल्या बायका जमल्या होत्या, घुगऱ्या शिजल्या होत्या, आणि मुलीची आत्या आली नव्हती. आत्याशिवाय नाव ठेवणार कोण? वाईहून सातारा आणि साताऱ्याहून रहिमतपूर असा तिचा प्रवास, आणि मधेच एसटीचं चाक पंक्चर झालेलं. मामंजी रस्त्यापर्यंत चार वेळा जाऊन आले. नणंद घामेघूम होऊन आली आणि मुलीच्या कानात नाव सांगितलं गेलं, तेव्हा साडेसहा होऊन गेले होते. मामंजी कुणावर रागावले नाहीत, पण त्या संध्याकाळी त्यांना घुगऱ्या गोड लागल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी मी अंगणात कुरडया घालत होते. तारवाला आला. आमच्या भागात घरटी एक माणूस फौजेत; तार म्हटली की बायकांचा हात आधी तोंडावर जायचा. शेजारच्या काकू सायकल बघूनच ओट्यावरून खाली उतरल्या. मामंजींनी सही केली आणि कागद माझ्याकडं दिला. त्यांना इंग्रजी वाचायला येत होतं, पण ते कागदाकडं न बघता माझ्या तोंडाकडं बघत राहिले. माझे हात पिठानं भरलेले, तशीच मी वाचली. जहाज चुकलं, सुखरूप आहे, पुढच्या बंदरावर चढतो, एवढंच होतं.

'जहाज चुकलं' हे माझ्या तोंडून गेलं मात्र, काकूंनी रडायला सुरुवात केली. त्यांना वाटलं, जहाजच समुद्रात वाट चुकलं. मी सांगत होते, की एसटी चुकते तसं यांचं जहाज चुकलं, हे जमिनीवर आहेत, बरे आहेत. मामंजींनी विचारलं, "सुखरूप असं सोता लिवलंय का त्यानं?" मी बोट ठेवून तो शब्द दाखवला. ते ओट्यावर बसले. थोड्या वेळानं त्यांचा चेहरा बदलला. काळजी मिटली तसा राग आला असावा. सुभेदाराचा मुलगा वेळेवर हजर राहिला नाही, याची त्यांना लाज वाटत होती. तेव्हापासून त्यांनी जहाजाच्या घड्याळाला किल्ली दिली नाही. दुसऱ्या दिवशी ते बंद पडलं.

अडीच आठवड्यांनी पत्र आलं. मामंजी म्हणाले, वाच, पण सगळं वाच, काही गाळू नगंस.

यांनी लिहिलं होतं, की बारशाच्या दिवशी जहाज इटलीतल्या एका बंदरात होतं. दिवसभराच्याच मुक्कामाची गोष्ट, म्हणून कप्तानानं घड्याळं बदलली नव्हती. जहाजावरची वेळ गावातल्या वेळेपेक्षा एक तास पुढं होती आणि सगळ्यांनी पाचच्या आत चढायचं होतं. जहाजाच्या पाचला, म्हणजे गावातल्या चारला. यांनी त्या सकाळी मनगटावरचं घड्याळ आपल्याकडच्या वेळेवर लावून घेतलं. पाळणा हलेल तेव्हा आपल्यालाही पाचच वाजलेले दिसावेत, एवढ्यासाठी. दुपारी ते धक्क्याजवळच्या एका बाकावर बसले आणि घड्याळात पाच वाजताना पाहिले. मग बाळासाठी लोकरीचा फ्रॉक शोधायला गावात गेले. मनगटावर घरची वेळ, म्हणून गावातल्या मनोऱ्याकडं बघत राहिले, आणि तो जहाजाच्या एक तास मागं आहे हे डोक्यातून गेलं. मनोऱ्यावर पाचला दहा कमी असताना धक्क्यावर पोचले. जहाज निघून पाऊण तास होऊन गेला होता. कंपनीच्या माणसानं रेल्वेनं पुढच्या बंदराला पोचवलं. शिक्षा म्हणून नोकरीचा करार संपेपर्यंत जमिनीवर उतरायचं नाही, असा हुकूम झाला.

शेवटी लिहिलं होतं, 'आबांना सांग, मी झोपलो नव्हतो की कुठं भटकलो नव्हतो.'

मी पत्राची घडी घातली. मामंजी कोनाड्यातल्या बंद घड्याळाकडं बघत होते.

"ठीक पाच वाजता, असं म्याच लिवलं हुतं," ते म्हणाले. मग, "बारशाला उशीर झाल्याचं त्याला कळवू नगंस."

मी कळवलं नाही. तो उन्हाळा आणि पावसाळा यांनी जहाजाच्या पोटातच काढला. बंदरं त्यांना फक्त वरच्या डेकवरून दिसली. दिवाळीच्या तोंडावर ते घरी आले. मामंजी स्टेशनावर तासभर आधी जाऊन बसले होते. जहाज चुकल्याचा विषय दोघांनीही काढला नाही. फ्रॉक आणला होता, पण मुलगी तोवर मोठी झाली होती. तो तिच्या कोपरापाशी अडकला.

उशीर झाल्याचं बाहेर पडलं ते नणंदेकडून. ती भाऊबिजेला आली आणि त्या दिवशीची एसटी, ते पंक्चर, तो कंडक्टर, सगळं तिनं पहिल्यापासून सांगितलं. मी तिला खुणावत होते, तिचं लक्ष नव्हतं. यांनी विचारलं, "म्हणजे नाव ठेवलं तेव्हा किती वाजले होते?"

"साडेसा तरी झाले असतील."

मामंजी उठून दाराबाहेर बघायला लागले. मग हे म्हणाले, "माझ्या घड्याळात साडेसहा वाजले तेव्हा पण मी त्याच बाकावर बसलो होतो, आबा. उठवंच ना."

मामंजी वळले नाहीत. पण त्यांनी पाठीमागं हात करून मुलीला मागितलं, आणि मी तिला त्यांच्याकडं दिलं.

यांनी आणखी एक फेरी केली आणि जहाज सोडलं. मिरजेत एका दवाखान्याच्या लाँड्रीत काम मिळालं. आम्ही तिघांसाठी स्टेशनजवळ दोन खोल्या घेतल्या; मामंजी उसापायी रहिमतपूरलाच राहिले. चादरींचे गठ्ठे, डॉक्टरांचे पांढरे कोट, आणि दुपारी जेवायला घरी. सुरुवातीला मुलगी त्यांच्याकडं जायची नाही. लांबून बघायची आणि माझ्या पदरामागं लपायची. ते तिला बोलवायचे नाहीत. नुसते जमिनीवर बसून तिच्या झबल्यांना हातानंच घड्या घालायचे, एकावर एक ठेवायचे. एका दुपारी ती आली, तिनं वरचं झबलं उचललं, विसकटलं आणि त्यांच्या मांडीवर टाकलं. त्यांनी त्याची परत घडी घातली. तिनं परत विसकटलं. त्या दिवशी जेवण तसंच राहिलं, आणि हे कामावर अर्धा तास उशिरा गेले.