सोड्याने खाल्लेला नंबर

आमच्या वन्सं, म्हणजे माझी धाकटी नणंद, झाकणांच्या कारखान्यात सत्तावीस वर्षं यंत्रं पुसायच्या. मी तिथेच पेट्या भरायला होते, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलेलं सांगते. घरात त्यांनी कधी चमचा विसळला असेल तर शपथ. कारखान्यात मात्र बाह्या सारून तयार.

त्यांचं सगळ्यांत लाडकं यंत्र म्हणजे बाटल्यांची झाकणं ठोकणारं एक म्हातारं धूड. त्याला त्या 'थोरली' म्हणायच्या. थोरलीच्या कुशीला अ‍ॅल्युमिनियमची बोटभर पट्टी होती, तिच्यावर नंबर ठोकलेला. दर शनिवारी वन्सं धुण्याच्या सोड्याचं कढत पाणी करून ती पट्टी घासायच्या. यंत्राचं तोंडच ते, लख्ख नको का?

मग एकदा थोरलीचं दातेरी चाक मोडलं. बनवणाऱ्यांनी कळवलं, नंबर सांगा, त्याच मापाचं चाक पाठवतो. फोरमन वाकून बघतो तर पट्टीवर चुना फासल्यासारखी पांढरी भुकटी. नख लावलं तर उरलेला आकडाही नखात आला.

मालक म्हणाले, "शुक्रवारपर्यंत नंबर मिळाला तर ठीक, नाहीतर थोरली भंगारात."

"दमट हवेने खाल्लंय," फिटर म्हणाला.

"हवेने नाही, मी," वन्सं म्हणाल्या. "सोड्याने."

मी कोपराने ढोसलं. "हवेवर जात होतं ना, कशाला मध्ये पडलात?"

"हवा काही शनिवारी घासायला येत नव्हती, वहिनी."

दोन दिवस वन्सं धड जेवल्या नाहीत. गुरुवारी दुपारी रिकामा डबा हातात फिरवत बसल्या होत्या. डब्याच्या बुडाला बाहेरून कंपनीचा छाप ठोकलेला. आतून बोट फिरवता फिरवता त्या थबकल्या, आणि तशाच खरकट्या हाताने उठल्या.

"फिटरदादा, ती पट्टी काढा."

"काढून काय, गळ्यात घालता?"

"मागून बघा. पुढून ठोकलं की मागे उमटतं. मागे माझा हात कधी पोचलाच नाही."

फिटरने रिव्हेट कापले. मागची बाजू तेलकट काळी, पण आकडे फुगलेले, फक्त उलटे. फोरमनने कागद ठेवून वर पेन्सिल घासली आणि कागद पालटून खिडकीच्या काचेला लावला. सातच्या सात आकडे सरळ उभे राहिले. मला विसापुढे वाचता येत नाही, तरी मीसुद्धा "बरोबर, बरोबर" म्हटलं.

बाराव्या दिवशी चाक आलं. खटका वन्संनीच दाबायचा, असं मालकांनी ठरवलं. थोरली दोनदा खोकली आणि झाकणं ओकायला लागली. वन्सं हसताहेत आणि डोळेही पुसताहेत, फिटर त्यांना तेलाचं फडकं देतोय, असा सगळा आनंद.

मालकांनी हुकूम काढला, यापुढे पट्ट्यांना कोरडंच फडकं. वन्संनी मान खाली घालून ऐकलं. आठवड्याभरात त्याच फोरमनला सोड्याचे तोटे शिकवत होत्या, आणि तो भला माणूस वहीत लिहून घेत होता.