भुलीच्या बाई

माणसांना झोपवणं हा ज्यांचा व्यवसाय, त्या बाईंचा स्वतःचा आवाज मात्र असा, की आमच्या नर्सिंग होमच्या मागे गाडी लावणारा इस्त्रीवालाही दचकून वर बघायचा. एम.डी. झालेल्या, पण त्यांना कुणी डॉक्टर म्हणत नसे. सगळे म्हणायचे भुलीच्या बाई. बोरिवलीला राहायच्या आणि मालाडपासून दहिसरपर्यंत जिथून बोलावणं येईल तिथे मोपेडवर जायच्या. पदर कमरेला खोचलेला, मागे काळी बॅग दोरीने आवळलेली. मी तेव्हा कांदिवलीच्या एका नर्सिंग होममध्ये ऑपरेशन थिएटरची सिस्टर होते. बाईंची मोपेड फाटकात शिरली की वॉर्डबॉय मला म्हणायचा, "सिस्टर, वादळ आलं."

वादळ येण्याचं पहिलं कारण म्हणजे बाईंचा प्रश्न. पेशंटला आत घ्यायच्या आधी त्या बाहेर बाकावर बसलेल्या नातेवाइकांपुढे उभ्या राहायच्या आणि विचारायच्या, "आज कशाचं ऑपरेशन आहे? तुमच्या शब्दांत सांगा." बहुतेक जण म्हणायचे, "डॉक्टर म्हणाले ते." मग बाई मोठ्या डॉक्टरांना, म्हणजे आमच्या मालक सर्जनला, हात धुताधुता परत बाहेर बोलवायच्या. "यांना काही माहीत नाही. आधी सांगा, मग मी भूल देते." डॉक्टरांच्या कपाळावर आठ्या चढायच्या. पण त्या भागात लहान मुलांना इतक्या हलक्या हाताने भूल देणारं दुसरं कुणी नव्हतं, त्यामुळे ते बाहेर येऊन समजावून सांगायचे.

लहान मुलं हा बाईंचा हळवा कोपरा. त्या काळी तान्ह्या बाळाला दुखत नाही असं शिकल्यासवरलेले डॉक्टर बिनदिक्कत म्हणायचे. साखरेच्या पाण्याचा बोळा तोंडात द्यायचा, आयाने पाय धरायचे आणि कापायचं. बाळ निळं पडेपर्यंत रडलं तरी, 'त्याला काय कळतंय!' एकदा एका डॉक्टरांनी बाईंना हे ऐकवलं. बाई म्हणाल्या, "असं करू. तुम्ही साखर चघळा, मी तुमच्या बोटाची कातडी कापते. बघू किती गोड लागते." ते गृहस्थ पुन्हा आमच्या जिन्यावर दिसले नाहीत.

मालाडला बेकरी असलेले शेखभाई एकेका मुलाच्या सुंतेसाठी यायचे, तेव्हा त्यांची आणि बाईंची जुंपायची. शेखभाई म्हणायचे, "बाई, आपला रिवाज आहे ना." बाई म्हणायच्या, "रिवाज तुमचा आहे, पण अंग त्याचं आहे. सोळा वर्षांचा झाला की विचारा त्याला." "सोळाव्या वर्षी तो हो म्हणेल काय?" "मग कळलं ना तुम्हाला!" शेखभाई हसायचे, चिडायचे, पण आपलं म्हणणं सोडायचे नाहीत. शेवटी बाईच भूल द्यायच्या. मला हे पटायचं नाही. एकदा विचारलंच. त्या म्हणाल्या, "मी नाही म्हटलं तर तो भूल न देताच उरकून आणेल. मग माझं तत्त्व माझ्याकडे आणि दुखणं पोराकडे. आणि हे बघ, तो विचारायला येतो, माझ्याशी भांडतो. तेवढी तरी चाड आहे त्याला."

चाड नसलेला माणूस आमच्यातच होता. आठ महिन्यांचं एक बाळ हर्नियासाठी आलं. चारकोपचं परब कुटुंब, मालवणकडचं. गिरणी बंद पडल्यावर परब तिथल्याच एका कारखान्यात लागला होता. बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला आणि आईने न अडखळता सांगितलं, "रडलं की जांघेत फुगा येतो, तो आत बसवणार." बाई खूश झाल्या. भूल दिली. हर्निया छान झाला. मी टाक्यांवर पट्टी लावायला वळले, तेवढ्यात डॉक्टरांनी चिमटा आणि कात्री परत उचलली. "एकदा भूल दिलीच आहे, तर हेही उरकतो. पुढे स्वच्छतेला बरं."

बाई ओरडल्या, "विचारलंत का त्यांना?" पण तोवर कात्री चालली होती. एवढ्या लहान मुलाची लघवीच्या जागेवरची कातडी चिकटलेलीच असते, वाढत्या वयात आपली आपण सुटते, हे डॉक्टरांना माहीत नव्हतं असं मी मरेपर्यंत म्हणणार नाही. बाईंच्या हातात बाळाच्या तोंडावर धरलेला भुलीचा मास्क होता. तो काढला असता तर कापणं थांबलं नसतं, फक्त बाळाला ते जाणवू लागलं असतं. म्हणून त्या मास्क धरून उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. "माझी भूल घेऊन तुम्ही चोरी केलीत," एवढंच म्हणाल्या. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही तुमचं काम करा."

बाळ शुद्धीवर आल्यावर बाई सरळ बाहेर गेल्या. मीही गेले. "हर्निया नीट झालाय," त्या परबला म्हणाल्या. "पण तुम्हाला न विचारता बाळाची सुंता केली आहे. गरज नव्हती. आजार काही नव्हता." परबने भिंतीवर मूठ आपटली. "माझ्या झिलाक मुसलमान केल्यानी!"

दुसऱ्या दिवशी फाटकावर त्याच्या मंडळाची पोरं जमली. हातात दगड होते. डॉक्टर मागच्या खोलीत लपले आणि बाहेर कोण गेलं? डॉक्टरांवर सगळ्यांत जास्त चिडलेल्या भुलीच्या बाई. "दगड खाली टाका आधी! धर्म काय तिथे असतो रे? उद्या माझं अपेंडिक्स न विचारता काढलं, तर कुठला धर्म बुडाला म्हणाल? त्या लेकराला कुणी विचारलं नाही, त्याच्या आईला विचारलं नाही, हा गुन्हा आहे. त्यावर बोला की!" त्यावर बोलण्यात कुणाला रस नव्हता. पोरं थोडा वेळ रेंगाळली आणि पांगली.

डॉक्टर मात्र हुशार. त्यांनी परबला केबिनमध्ये घेतलं, चहा पाजला. अर्ध्या तासाने परब बाहेर आला तो बदललेलाच. मुलाला आजार होता, लघवी अडली असती, डॉक्टरांनी वेळेवर वाचवलं! दोघांचीही सोय झाली. फक्त बाई आड येत होत्या.

म्हणून तो रविवारी बायको-मुलासकट बाईंच्या घरी आला. मी तिथेच होते. "बाई, तुमीपण आजार होतो म्हणा. गावाक गेल्यावर लोक काय म्हणतले?"

"लोकांना काय सांगायचं ते तू सांग," बाई कडाडल्या. "मी नाही सांगणार. हा मोठा झाला की तुला विचारेल. तेव्हा त्याच्या तोंडावर खोटं बोलशील? निरोगी पोराला रोगी ठरवतोस, लाज नाही वाटत?" परब तरातरा जिना उतरून गेला. बायको मागे राहिली. तिने हळूच विचारलं, "आजार नव्हता ना, बाई?" "नव्हता," बाई म्हणाल्या. मग खाली बसून, बाळाला मांडीवर घेऊन, जखम कशी धुवायची, कपडा कसा सैल ठेवायचा हे तिला नीट दाखवलं. त्या माउलीच्या डोळ्यांतलं पाणी बाळाच्या अंगावर पडत होतं.

बाई वकिलाकडेही गेल्या. वकील म्हणाला, मूल कायद्याने अज्ञान, तक्रार आई-बापांनी करायची आणि त्यांची तक्रार नाही. तुमचं काय नुकसान झालं? परत येऊन बाई माझ्यावरच ओरडल्या, "ऐकलंस? बापाची सही कायदा मानतो ती मुलाच्या भल्यासाठी. इथे तर या कापण्याला सहीसुद्धा नव्हती! ज्याचं कापलं त्याला बोलता येत नाही, ज्यांना बोलता येतं त्यांना बोलायचं नाही आणि मी म्हणे कोणीच नाही!"

त्यानंतर एकेका नर्सिंग होमने त्यांना बोलावणं बंद केलं. 'बाई फार बोलतात' हे कारण. मी चिडून नोकरी सोडली आणि म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यात लागले. बाईंना शेवटी पालघरकडच्या एका छोट्या दवाखान्यात काम मिळालं, तिथे त्या रोज जाऊन येत. कधी भेटल्या की चिडचिड तशीच. "पोरगं आता चालत असेल नाही गं?" असं मध्येच विचारायच्या. दोन-तीन वर्षांतच काविळीने गेल्या. पन्नाशीही गाठली नव्हती.

डॉक्टर मंडळींनी शोकसभा ठेवली. आणि भाषणाला उभे कोण, तर आमचे मोठे डॉक्टर! "फार तत्त्वाच्या बाई," ते रुमालाने डोळे टिपत म्हणाले. "आमच्यात कधी वाद झाला नाही." माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी जागेवरूनच ओरडले, "डॉक्टर, परबांच्या बाळाला कसला आजार होता?" सभागृहातल्या माना वळल्या. डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, हे शोकसभेत काढायचे विषय नव्हेत." अध्यक्षांनी घाईघाईने जाहीर केलं, आपण सर्वांनी दोन मिनिटं शांत उभं राहून श्रद्धांजली वाहू या.

सगळे उभे राहिले. मीही राहिले. आणि त्या शांततेत, शेवटच्या रांगेपर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाले, "त्या बाळाला काहीही आजार नव्हता."