छातीपाशी थांबणं

पांढरकवड्याच्या तहसील कचेरीत मी नकलनवीस होतो. दिवसभर दुसऱ्यांचे कागद उतरवायचे आणि निरक्षर माणूस आला की घडाघडा वाचून दाखवायचे. अक्षर वळणदार, डोकं गरम. साठ-एकसष्ट सालच्या सुमारास नागपूरच्या एका शिबिरातून ध्यानाच्या सूचनाही मी अशाच वहीत उतरवून आणल्या आणि ध्यान शिकवतो म्हणून गावभर सांगत सुटलो.

पहिल्या आल्या त्या शेजारच्या काकू. चैत्रात काका गेले, तेव्हापासून त्यांच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. दुपारी ओसरीवर भिंतीला टेकून त्यांनी डोळे मिटले. मी वही उघडली. बोटं सैल सोडा, गुडघे सैल सोडा, आता छातीकडे लक्ष न्या, आता खांदे. खांद्यांपर्यंत आलो तर काकूंच्या डोळ्यांतून धारा. मी आपला कपाळापर्यंत वाचतच गेलो.

"तू सोता केलं का रे हे कधी?" त्यांनी विचारलं.

"केलं ना," मी ठोकून दिलं.

"मंग छातीपासून इतक्या लवकर कसा निघाला? मले तं तिथून हालताच नाही येऊन राह्यलं."

राग आला मला. फुकटात शिकवा आणि वर बोलणी खा. आठवडाभर मी त्यांच्या दाराकडे पाहिलं नाही. पण खोटं बोललो होतो, ते आत कुरतडत राहिलं. शेवटी वही मिटून एकटाच बसलो. बोटं झाली, गुडघे झाले. छातीशी आलो आणि समोर माझा थोरला भाऊ. एका लग्नातल्या मानपानावरून मी त्याच्याशी बोलणं टाकलं होतं, आणि तो मेला तेव्हाही ते टाकलेलंच होतं. पाणी प्यायचं निमित्त करून उठलो. पावसाळाभर रोज बसायचो आणि रोज तिथूनच पळायचो. दिवाळीच्या आधी एकदा मात्र बसून राहिलो. पोटभर रडलो.

मग काकूंकडे गेलो. "काकू, मी खोटं सांगतलं होतं. आता केलं. पुन्हा बसता का?"

झोप त्यांना अजून लागत नव्हती. त्या बसल्या. या वेळी वही नव्हती. छातीपाशी आलो आणि गप्प राहिलो. सडकेवरून एक ट्रक गेला, बऱ्याच वेळानं दुसरा गेला.

"तुह्या तिथं कोण हाय रे?" डोळे न उघडता काकूंनी विचारलं.

"दादा."

"बोलला का त्याच्याशी?"

"बोलून राह्यलो."

थोड्या वेळानं काकूंची मान भिंतीवर कलली, श्वास गाढ झोपेतल्यासारखा लांब झाला. खांदे सांगायचे राहूनच गेले.